तेलाचा लगाम, हवेच्या हाती

१९७४ साली मी नांदेडहून हैदराबादला आलो आणि बालानगरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो. हैदराबादेत कारखाने आधीपासूनचे: ऑल्विन कंपनी १९४२ ची, प्रागा टूल्स १९४३ ची. साठच्या दशकात एचएमटी आणि बीएचईएल आल्या. त्यांच्या आसऱ्यानं इथं लोखंड ओळखणारी माणसं घडली. आमचे उस्ताद त्यांतलेच.

आमच्या हायड्रॉलिक प्रेसचा रिलीफ व्हॉल्व्ह पार वर, तेलाच्या टाकीशी. साचा बदलला की शिडी चढायची, चेकनट ढिला करायचा, स्क्रू पिळायचा, आणि खालचा माणूस गेज वाचून आकडा ओरडणार. एकदा तेलकट पायरीवरून घसरून माझं मनगट मोडलं. ही शिडी बंद करायचं उस्तादांनी तेव्हाच मनावर घेतलं.

प्रेशर आवरायची युक्ती जुनी आहे. सतराव्या शतकात देनी पापँनं वाफेच्या भांड्यावर तरफ आणि वजन लावलं. पुढे वजनाच्या जागी स्प्रिंग आली. ब्रामानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, आणि तेलाच्या प्रेसमध्येही मग स्प्रिंगच राबू लागली. उस्तादांनी आणलेल्या पायलट व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगच्या जागी डायाफ्राम होता आणि त्यावर कॉम्प्रेसरची हवा. डायाफ्रामचं क्षेत्रफळ तेल अडवणाऱ्या पॉपेटच्या बैठकीच्या तीसपट. म्हणजे पाच किलो दाबाच्या हवेनं दीडशे किलो दाबाचं तेल धरायचं. तांब्याची बारीक नळी खाली ऑपरेटरच्या कोपरापर्यंत आली, तिथं रेग्युलेटर बसला. जुना स्प्रिंगचा व्हॉल्व्ह १७० किलोला सेट करून तसाच ठेवला, वरची हद्द म्हणून.

हवा गेली तर काय होतं ते दाखवायला चालू मशिनवर उस्तादांनी नळी हातानं उपटली. फुस्स झालं आणि गेजचा काटा खाली आला. "हवा गई, तेल बैठ गया," म्हणाले. तेलाचीच नळी खाली आणली असती, तर ती फुटल्यावर माणसाच्या अंगावर तेलाची धार आली असती. विजेची तार नको होती, कारण शेजारीच रंगाचं थिनर उघडं असायचं.

पण हवेला सांभाळावं लागतं. तीसपटीचा हिशेब उलटाही लागू होतो: पाव किलो हवा हलली की तेल साडेसात किलो हलतं. पावसाळ्यात लाइनमध्ये पाणी साचायचं, काटा थरथरायचा, भाग जाड-पातळ निघायचे. मग रोज सकाळी शिफ्टला पहिलं काम, फिल्टरच्या वाटीतलं पाणी सोडणं. रेग्युलेटरवर उस्तादांनी बारीक घरांचं गेज बसवलं, आणि प्रत्येक साच्याच्या कडेला छिन्नीनं त्याचा हवेचा आकडा कोरला: ३.२, ४, ४.६.