न थांबणारा पंखा : संगणकाच्या उष्णतेचा इतिहास

१/ सटाण्यात एप्रिल लागला की शेतातला कांदा चाळीत जाऊ लागतो. यंदा त्याच दिवसांत आमच्या घरचा संगणक अखंड घरघरू लागला. सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत पंखा एकाच जोरात. मुल्हेर किल्ल्यावरील माझ्या प्रबंधाची सारी टिपणे त्यातच. ‘प्रोसेसर गेला, नवा संगणक घ्या,’ असा सल्ला मिळाला. नव्यासाठी पैसे येणार होते ते कांद्यातूनच. म्हणून निर्णयापूर्वी या पंख्याचा इतिहास तपासला. हा धागा त्याविषयी.

२/ संगणक तापतो का? गणित करणे म्हणजे विजेचे असंख्य सूक्ष्म प्रवाह चालू-बंद करणे. यंत्रात शिरलेली जवळजवळ सारी वीज अखेरीस उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते. त्यामुळे संगणकाचा इतिहास हा उष्णता बाहेर काढण्याचाही इतिहास आहे.

३/ १९४६ साली फिलाडेल्फियात ‘एनिॲक’ जगासमोर आला. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, सुमारे १५० किलोवॅट वीज. ती उष्णता हटवण्यासाठी हवेचे झोत सोडणारी यंत्रणा होती आणि तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास वीज तोडणारे खटके होते. वाऱ्याविना यंत्र चालू द्यायचे नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

४/ भारतातील एक कथा मुंबईची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० ट्यूब होत्या. ट्यूबमधून इलेक्ट्रॉन सुटण्यासाठी आतला भाग तापवावाच लागतो. म्हणजे त्या काळी उष्णता ही कामाची पूर्वअट होती.

५/ १९४७ मध्ये शोधलेल्या ट्रान्झिस्टरने ही अट मोडली. प्रत्येक घटकाची उष्णता घटली, परंतु घटक इतके दाटीने बसू लागले की प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९७६ च्या ‘क्रे-१’ महासंगणकाला शीतकपाटातल्यासारखा फ्रेऑन वायू वापरावा लागला. १९८५ च्या ‘क्रे-२’चे मंडल तर वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेले होते.

६/ घरगुती संगणकाची कथा निराळी. १९८१ च्या आयबीएम पीसीत पंखा होता तो वीजपुरवठ्याच्या पेटीत. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्या आग्रहामुळे पंखाच नव्हता. त्यांना शांतता हवी होती. १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये मात्र पंखा आला. शांततेवर उष्णतेने मात केली.

७/ प्रोसेसरच्या माथ्यावर धातूचे हीट सिंक आणि त्यावर पंखा, हे दृश्य रूढ झाले ते १९९३ च्या पेंटियमच्या काळात. वेग वाढवण्याची ही शर्यत २००४ मध्ये अडखळली. ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ इंटेलने रद्द केला. उष्णता हे त्यामागचे मोठे कारण. २००५ पासून एका वेगवान गाभ्याऐवजी अनेक गाभे आले.

८/ येथे पुण्याची आठवण होते. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. अनेक छोटे प्रोसेसर एकत्र राबवून. तेथे कारण नकाराचे होते. पुढे घरोघरच्या संगणकांना त्याच दिशेने नेले ते उष्णतेने.

९/ आता मूळ प्रश्न. जुन्या संगणकांत पंखा सतत चालणे हा दोष नव्हताच. तो तसाच बनवलेला असे. ‘गरज नसेल तेव्हा पंख्याने मंदावावे’ ही अपेक्षाच अलीकडची आहे. चार तारांच्या पंख्यात दोन तारा विजेच्या, तिसरी फेऱ्यांची वर्दी देणारी, चौथी वेगाची आज्ञा आणणारी. चौथीवरून आज्ञाच आली नाही, तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो. शंका आल्यास वारा चालू ठेवा, हा एनिॲकच्या काळचाच सावधपणा!

१०/ म्हणजे पंखा हा साक्षीदार झाला, आणि साक्षीदाराला आपण दोन प्रश्न विचारतो. तो खरे सांगतो आहे का? तसे असेल तर उष्णता खरी आहे : धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा गुपचूप चाललेला एखादा प्रोग्रॅम. की त्याच्यापर्यंत निरोपच चुकीचा पोहोचला आहे? उत्तर तापमानाच्या आकड्यात असते.

११/ मी घाई केली. आधी धूळच झाडली, कांद्याच्या पापुद्र्यांसकट. फरक शून्य. मग बायॉसमध्ये पाहिले : तापमान ४५ अंश, पंखा पूर्ण वेगात. उष्णता नव्हतीच! मागच्या दुरुस्तीत बसवलेल्या चार तारांच्या पंख्याची पिन तीन काट्यांच्या जागी खोचलेली होती. आज्ञेची तार मोकळी. संगणक बंद करून, वीजजोड काढून, पिन योग्य जागी बसवली. पंखा मंदावला. कांद्याचे पैसे घरातच राहिले.

१२/ आपल्याकडेही पंखा थांबत नसेल तर क्रम हाच ठेवा : प्रथम तापमान पाहा. ते जास्त असेल तर चालू प्रोग्रॅम, धूळ, मग पेस्ट. कमी असेल तर पिन आणि बायॉसमधील पंख्याची सेटिंग. धूळ फुंकताना पाती बोटाने धरून ठेवा. आणि जमिनीपासून उचललेली, चहूबाजूंनी वारा घेणारी कांदाचाळ आठवा. संगणकही भिंतीला चिकटवू नका. त्यालाही मोकळा वारा लागतो.