सुगिमोतो, हिरोशी : ‘आर्किटेक्चर’ छायाचित्रमालिका

जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो (जन्म टोकियो, १९४८) यांनी १९९७ पासून काढलेली, मुख्यतः विसाव्या शतकातील वास्तूंची कृष्णधवल छायाचित्रे. ती सगळीच्या सगळी धूसर आहेत, आणि तीही मुद्दाम. वास्तूच्या छायाचित्रात कडा रेखीव हव्यात, हा या व्यवसायाचा पहिला धडा. सुगिमोतोंनी मोठ्या फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्याचा फोकस अनंताच्याही पलीकडे नेला. ‘अनंताच्या दुप्पट’ हा त्यांचा शब्द. गणिताला तो पटणार नाही, पण परिणाम स्पष्ट आहे : जगातले कोणतेच अंतर नेमके उमटत नाही. उत्तम वास्तू हा मारा सोसून टिकते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे ही धूसरता शोभेची नव्हे, ती कसोटी आहे. खिडकीची चौकट, सांधे, भिंतीचा पोत आधी विरघळतात. उरतो तो आकारमानांचा परस्परसंबंध, बांधकामापूर्वी वास्तुशिल्पज्ञाच्या मनात असावा तसा. रंग असते तर काच, वीट, गंज यांची ओळख पुसली गेली नसती. करड्या छटांमुळे वजन आणि उजेड एवढेच शिल्लक राहते.

यावर रास्त आक्षेप असा, की टिकते ती वास्तू नव्हे, आपली आठवण. आयफेल मनोरा कितीही पुसट केला तरी ओळखू येणारच. तेथे आक्षेप मान्यच करावा लागतो. पण ओसाकाजवळच्या इबाराकी येथील तादाओ आंदो यांचे ‘चर्च ऑफ द लाइट’ (१९८९) पाहावे. काँक्रीटच्या भिंतीला आरपार चिरून केलेला क्रूस हीच तेथील मुख्य रचना. फोकस सुटल्यावर चिरेच्या कडा जातात, उजेड काळोखात पसरतो, तरी क्रूस मोडत नाही. इमारतीचे नावही न ऐकलेल्याला ते दिसते, कारण आंदोंनी घडवला तो उजेडच. दुसरा आक्षेप, ही छायाचित्रे शोकात्म असल्याचा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे चित्र पाहताना तसे वाटते खरे. मात्र तो शोक आपण मागाहून त्यात घातला आहे. चित्र १९९७ चे आहे, आणि मनोरे कोसळले २००१ मध्ये.