वाकळीवर नवे लुगडे

लाडक्या टेडीची शिवण उसवली की दुरुस्त करणाऱ्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागते: जुने किती ठेवायचे आणि नवे किती घालायचे. सगळे कापड बदलले तर मूल त्याला ओळखत नाही. काहीच बदलले नाही तर टाका धरत नाही. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या १९०२ मधल्या शिकारीच्या किश्श्यावरून नाव पडलेले हे अस्वल आपल्याकडे बरेच उशिरा आले. पण झिजलेली, सवयीची झालेली कापडी वस्तू जपून वापरात ठेवण्याची विद्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्त्यांत त्याआधीपासून होती. ती वाकळीची, म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकत्र शिवून केलेल्या गोधडीची, विद्या. वाकळ म्हणजे गरिबीची खूण, असे आपण इतक्या सहज म्हणून जातो की तिच्यातली जपणूक नजरेआड होते. मला हा समज चुकीचा वाटतो, आणि त्याविरुद्धचा पहिला पुरावा सोलापूर हे गावच आहे.

१८६० मध्ये इथे रेल्वे आली. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली, जिला गाव पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. नंतर नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग घराघरांत चालत होते. कापडाचीच पेठ असलेल्या या गावात नवे फडके मिळणे आडगावाइतके अवघड नव्हते. तरीही वाकळ शिवली जात राहिली, आणि शिवण्याइतकीच ती दुरुस्त केली जात राहिली. टंचाई हे एकच कारण असते तर गिरण्यांच्या भोंग्याबरोबर ही रीत मागे पडायला हवी होती.

दुसरा पुरावा दुरुस्तीच्या पद्धतीत आहे. वाकळ विरली म्हणून कोणी ती उसवून पुन्हा नव्याने भरत नसे. फाटक्या भागावर ठिगळ बसे. वरचा पदर सगळाच गेला तर त्यावर धुऊन मऊ झालेले सुती लुगडे अंथरून कडा दुमडत आणि बहुधा काठापासून आत आत सरकत, सगळे थर एकत्र धरून धावदोरा घालत. सुई जाड, दोरा दुहेरी. पूर्वीचे टाके आत तसेच राहत, त्यांच्यावरून नवे जात. त्यामुळे पुष्कळ वापरलेल्या वाकळीची कड उलगडली तर आजीचे लुगडे, त्याखाली धोतर, त्याखाली आणखी जुने काही, असा घराचा क्रम हाताला लागतो. काटकसर एवढाच हेतू असता तर कुजका थर काढून टाकणे सोयीचे होते. वाकळ हलकी झाली असती आणि धुवायलाही सोपी. तो थर आत ठेवला जाई, कारण तोच अंगाला ओळखीचा होता. तान्ह्या बाळाचे दुपटे मुद्दाम जुन्या लुगड्याचे करण्याची चाल तर खात्यापित्या घरांतही होती.

जुन्या कपड्याला दारात दुसरे गिऱ्हाईकही होते. बोहारीण जुन्या साड्या घेऊन भांडे देई. रोख हिशेब पाहिला तर पातेले हा चांगला सौदा होता, आणि पुष्कळ कपडे त्या वाटेने गेलेही. वाकळीसाठी बाजूला काढलेले लुगडे म्हणजे नाकारलेले पातेले, हे लक्षात घेतले की निवड दिसते. निव्वळ नाइलाज असे सौदे सोडत नाही.

यावर आक्षेप येईल तो दुष्काळाचा. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ या जिल्ह्याने भोगला, आणि १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले तेव्हा गिरणगावातही कापड जपून वापरावे लागले. अशा काळात कित्येकांना वाकळीवाचून पर्याय नव्हता, हे निर्विवाद आहे. पण हातात पैसा आला आणि वाकळ गेली, म्हणून ती गरिबीचीच होती, हा पुढचा निष्कर्ष मला मान्य नाही. तिला मागे टाकले ते कापडाने. नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या घरात शिरल्या. त्या घाम शोषत नाहीत, टाक्याखाली सरकतात, आणि जुन्या झाल्या तरी सुतीसारख्या मऊ पडत नाहीत. म्हणजे वाकळीचा कच्चा मालच आटला. दुसरीकडे सोलापूरनेच जेकार्ड मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी चादर देशभर पोचवली. शिवण्याचे काम नाही, वर्षानुवर्षे टिकते. माझ्या मते वाकळीला खरी स्पर्धा याच गावच्या मागांनी दिली.

एक आक्षेप मात्र मला पुरा पटतो. ही जपणूक बायकांच्या फुकट कष्टांवर उभी होती. गिरणीची पाळी करून आलेली किंवा दिवसभर विड्या वळलेली बाई रात्री वाकळीला बसे, आणि त्या टाक्यांची मजुरी घरात कोणी धरत नसे. जपणुकीचे कौतुक करताना हे झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. घरचे जुने कपडे देऊन मजुरीवर गोधडी शिवून घेतली जाते, तिथे निदान हिशेब उघड असतो: गोधडीचे माप केवढे आणि टाके किती दाट, यावर पैसे ठरतात.