काचेला न दिसलेला लाल

ब्लॅक अँड व्हाइट फोटो, आणि त्यात फक्त नवरीचा शालू लाल. किंवा फक्त हातातला गुलाब. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लग्नाचा अल्बम उघडलात तर असं एखादं पान सापडण्याची शक्यता बरीच आहे. आज फोटोग्राफर मंडळी या प्रकाराची चेष्टा करतात. फोटोशॉपने लावलेलं खूळ, म्हणतात. पण फोटोशॉप आलं १९९० साली. हे खूळ त्याच्या दीडशे वर्षं आधीचं, म्हणजे जवळजवळ फोटोग्राफीच्याच वयाचं आहे.

डागेरची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आरशासारखी चकाकणारी प्रतिमा. बारकावे असे की लोक थक्क झाले, पण चेहरे मात्र मढ्यासारखे दिसायचे. सुरुवातीला मिनिट-मिनिट न हलता बसावं लागे, मान पाठीमागून लोखंडी आधारात अडकवलेली असे. त्यात सगळं करडं. म्हणून दोन-तीन वर्षांतच रंग आला. स्वित्झर्लंडमध्ये योहान बाप्टिस्ट इझेनरिंग पोर्ट्रेट रंगवू लागला. लंडनमध्ये रिचर्ड बिअर्डने १८४१ साली स्टुडिओ काढला आणि पुढच्याच वर्षी रंग भरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं.

हा रंग सगळीकडे नसायचा. गालांवर गुलाबी, अंगठीवर आणि साखळीवर सोनेरी, बस्स. बाकी माणूस करडाच. त्या पत्र्यावरची प्रतिमा इतकी नाजूक की बोट लागलं तरी पुसली जाई, त्यामुळे ओला रंग फासणं अवघड. मग डिंकाच्या पुडीत कालवलेला कोरडा रंग बारीक कुंचल्याने भुरभुरायचा आणि वरून हलकेच तोंडाची वाफ सोडायची. श्वासातल्या ओलाव्याने डिंक धरे आणि रंग चिकटे. हे काम करणारे बरेचसे हात लघुचित्रं काढणाऱ्या चित्रकारांचे होते. फोटोने त्यांचा धंदा बसवला, आणि ते फोटोवाल्यांकडेच नोकरीला लागले.

त्या काळात मेलेल्या लहान मुलांचे फोटो काढून ठेवायची रीत युरोप-अमेरिकेत होती. त्यातल्या काही मुलांचे गालही असेच गुलाबी केलेले आहेत. म्हणजे रंग सजावटीपुरता नव्हता. तो एक दावा होता: हे माणूस जिवंत आहे, निदान होतं.

आता लाल रंगाची गोष्ट. सुरुवातीच्या प्लेटांना निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा दिसे. हेरमान फोगेलने १८७३ साली शोधून काढलं की प्लेटेत विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवाही दिसू लागतो. लाल मात्र पुढेही बराच काळ दिसत नव्हता. प्लेटेला जे दिसत नाही ते फोटोत काळं येतं. जुन्या सिनेमांतल्या डार्करूममध्ये लाल दिवा असतो तो याचसाठी: तो प्रकाश प्लेटेच्या किंवा कागदाच्या दृष्टीने अंधारच. आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये (१९२५) क्रांतीचा झेंडा फडकतो, तो शूटिंगच्या वेळी पांढरा होता. खरा लाल लावला असता तर पडद्यावर काळा झाला असता. मग फिल्मच्या एकेका चौकटीवर तो हाताने लाल रंगवला.

हाच नियम आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळाला लावून बघा. अशा प्लेटेवर कुंकू काळं उमटतं. नंतर लाल दिसणारी फिल्म आली, तर तिच्यावर कुंकवाचा करडा कातडीच्या करड्याजवळ सरकला. आधी काळं आणि नंतर फिकट, पण लाल कधीच नाही. जुन्या फोटोंवर कुणीतरी नेमकं कुंकूच रंगवलेलं असतं, ते मला म्हणूनच भाबडेपणाचं वाटत नाही. यंत्राने जे खाल्लं होतं तेवढंच परत आणलं गेलं.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे हे तंत्र आपल्याकडे फार उशिरा आलं नाही. पण इथले चित्रकार गालांवर थांबले नाहीत. संस्थानिकांच्या अनेक फोटोंवर एवढा जाड रंग आहे की खाली फोटो आहे हे सांगावं लागतं. कातडी किती उजळ करायची हेही मग कुंचल्याच्या हातात, कारण निळ्यावर चालणारी प्लेट सावळा माणूस आहे त्याहून काळा दाखवायची.

मला सगळ्यात आवडतो तो नाथद्वाराचा प्रकार. श्रीनाथजींपुढे हात जोडून उभं असलेलं भक्ताचं कुटुंब, अशी चित्रं तिथे काढून मिळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अशा चित्रांत देव, पिछवाई, कपडे सगळं रंगीत. चेहरे मात्र अनेकदा फोटोतून कापून चिकटवलेले. आपल्या लग्नाच्या अल्बमच्या बरोबर उलट. रंग देवाचा, आणि ‘हा मीच’ याचा पुरावा करडा.

हा पुरावा किती जड असतो ते २०२१ साली दिसलं. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीने तुओल स्लेंग तुरुंगात आणलेल्या कैद्यांचे फोटो काढून ठेवले होते. त्यातले बहुतेक सगळे नंतर मारले गेले. एका कलाकाराने ते फोटो रंगीत केले आणि ‘व्हाइस’ने छापले. मग लक्षात आलं की काही चेहऱ्यांवर मूळ फोटोत नसलेलं हसू आलंय. कंबोडियाच्या सरकारने निषेध केला, लेख काढून टाकावा लागला. गुलाबी गालांपासून हसण्यापर्यंतचं अंतर वाटतं तेवढं लांब नाही.

आता फोनचं. गूगल फोटोजमध्ये २०१८ पासून माणूस रंगीत आणि मागचं सगळं करडं करण्याची सोय आली. मी सॉफ्टवेअरवाला असल्याने यामागचं गणित मला आवडतं: प्रत्येक पिक्सेल माणसाचा की पार्श्वभूमीचा, एवढं मॉडेल ठरवतं. पण त्याला विचारायला दोनच प्रश्न आहेत, माणूस आहे का आणि कडा कुठे आहे. डिंकाची पूड भुरभुरणाऱ्याचा प्रश्न वेगळा होता: या माणसातलं काय? तो अंगठी निवडायचा, कुणी कुंकू. करड्यावरून रंग ओळखणारी मॉडेलंही अडतात ती इथेच, कारण एकाच करड्यामागे लाल असू शकतो, हिरवाही. ती सरासरीने जुळेलसं काहीतरी भरतात, त्यामुळे साड्या मातकट निघतात.

घराघरांत याची आणखी एक जुनी पद्धत आहे, तिला कुणी तंत्र म्हणत नाही. गेलेल्या माणसाच्या फोटोला सणाला किंवा तिथीला हार घालतात आणि काचेवर, कपाळाच्या जागी, कुंकू किंवा गंध लावतात. आमच्या पणजीच्या फोटोवर ते इतक्या वर्षांचं आहे की काचेवर थर बसलाय, आणि मूळ कपाळापेक्षा जरा डावीकडे सरकलाय. मागच्या दिवाळीत मी तो फोटो फ्रेमसकट फोनवर स्कॅन केला. ॲपने आपणहून डाग साफ करून दिला. प्लेटेने काळी केलेली टिकली खाली तशीच होती. आजीने फोन हातात घेतला, बघितलं आणि विचारलं, “हिचं कुंकू कुठं गेलं रे?” मी मूळ फाइल उघडून दिली. तिने तीच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला लावली, काचेवरच्या ट्यूबलाइटच्या चकाकीसकट.