पिशवीतला इतिहास

माहुलच्या प्रकल्पबाधितांच्या वसाहतीत एका मावशींनी माझ्यापुढे प्लास्टिकची पिशवी उघडली. रेशनकार्ड, लाइटबिलं, फोटोपास, मतदार यादीचा उतारा. २०१७ साली तानसा जलवाहिनीलगतची घरं तुटली, तेव्हा त्या विद्याविहारहून इथे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, कार्डावरचं साल धरू नका. कार्ड फार उशिरा झालं. मी तिथं राहायला आले तेव्हा थोरला पोटात होता."

मी कवी माणूस, इतिहासाचा पंडित नव्हे. पण सामाजिक इतिहास कशासाठी लागतो, ते मला त्या वाक्यात उमगलं. सरकारदरबारी नोंद कधी झाली, ते कागद सांगतो. माणूस कधीपासून राहतो, ते माणसालाच विचारावं लागतं.

शाळेत आपण शिकलो तो इतिहास राजांचा, लढायांचा, तहांचा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं मिळवली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले, म्हणून तो पुराव्यावर उभा राहिला. हे ऋण मोठंच आहे. पण दप्तर सापडतं ते लिहिणाऱ्याच्या घरी. कोळणीच्या टोपलीचं दप्तर कोण ठेवणार?

महसूल खात्यातल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून कुणबी, बलुतेदार आणि फिरस्ते यांचा व्यवहार मांडला. विद्यापीठांत हा विषय रुजायला अजून अवकाश होता. फ्रान्समध्ये १९२९ साली मार्क ब्लॉक आणि ल्युसियाँ फेव्र यांनी 'अनाल' हे नियतकालिक काढलं. इंग्लंडमध्ये प्रौढांचे वर्ग घेणाऱ्या ई. पी. टॉमसन यांचा कामगारवर्गाच्या घडणीवरचा ग्रंथ १९६३ साली आला. १९८२ पासून रणजित गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकरी-आदिवासींच्या बंडांकडे त्यांच्या बाजूने पाहायला शिकवलं.

महाराष्ट्रातही अशी कामं झाली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी जाऊन गाठलं, त्यांना बोलतं केलं. १९८९ च्या त्या पुस्तकाचं नावच 'आम्हीही इतिहास घडवला'. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली गिरणगाव तिथल्याच माणसांच्या तोंडून ऐकवलं.

आता आठवण चुकते, हेही खरं. आमच्या मावशी सगळी सालं २००५ च्या पुराच्या आधी-नंतर अशी मोजतात. म्हणून त्यांचं बोलणं शेजारणीच्या बोलण्याशी, कागदाशी ताडून पाहावं. पण कागदालाही तोच न्याय लावावा. तो कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, हे विचारावं.

माहुलच्या कोळीवाड्याशेजारी १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले. २०१५ साली हरित लवादाने इथल्या हवेमुळे आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. २०१९ साली उच्च न्यायालयाने इथे कुणाला सक्तीने पाठवता येणार नाही, असं बजावलं. हे निकाल ग्रंथालयांत राहतील. पण घर दूर गेल्याने कुणाची धुण्याभांड्यांची कामं सुटली, कुठल्या मुलीची शाळा तुटली, हे त्यांत किती सापडेल?

शंभर वर्षांनी कुणी माहुलचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा मावशी नसतील. पिशवी कदाचित असेल, पण कार्डावरचं साल खोडून काढणारं कुणी नसेल. म्हणून मी आता वही घेऊन जातो. पहिल्या पानावर लिहिलंय: कार्ड उशिरा झालं.