डाख, शिसेविरहित

धातूचे दोन भाग न वितळविता त्यांच्यामध्ये कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरून केलेल्या सांध्यास डाखजोड व त्या मिश्रधातूस डाख म्हणतात. ज्या डाखात शिसे मुद्दाम मिसळलेले नसते, त्यास शिसेविरहित डाख ही संज्ञा आहे. कथिल व शिसे यांचा डाख भांडी सांधणाऱ्या कारागिरांना फार पूर्वीपासून परिचित आहे. विसाव्या शतकात मुद्रित विद्युत् मंडलांचा प्रसार झाल्यावर तोच इलेक्ट्रॉनिकी उद्योगाचाही आधार बनला. ६३% कथिल व ३७% शिसे या प्रमाणातील मिश्रधातू १८३° से. या एकाच तापमानाला वितळतो. तो स्वस्त असून तांब्यावर सहज पसरतो. या गुणांमुळे त्याला पर्याय शोधण्याची निकड बराच काळ भासली नाही.

शिशाच्या विषारीपणाची जाणीव वाढली, तसा त्याचा वापर एकेका क्षेत्रातून कमी होत गेला. शिसे शरीरात साठते व विशेषतः लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. अमेरिकेत १९८६ साली पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी शिसेयुक्त डाख वापरण्यास मनाई झाली. १९९० नंतरच्या काही वर्षांत तेथील विधिमंडळात शिशाच्या इतर उपयोगांवरही निर्बंध सुचविणारी विधेयके आली. ती कायद्यात उतरली नाहीत. परंतु उद्योगधंद्यांनी पर्यायांचा पद्धतशीर शोध सुरू केला. आयोवा राज्यातील एम्स प्रयोगशाळेत विकसित झालेल्या कथिल-चांदी-तांबे मिश्रधातूस १९९६ मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. या वर्गातील पुढे सर्वाधिक रूढ झालेल्या डाखात ९६.५% कथिल, ३% चांदी व ०.५% तांबे असते आणि तो सु. २१७°-२२०° से. दरम्यान वितळतो.

प्रत्यक्ष उत्पादनात जपानने आघाडी घेतली. मात्सुशिता कंपनीने १९९८ मध्ये शिसेविरहित डाख वापरलेला ध्वनितबकडी वादक (मिनीडिस्क प्लेयर) बाजारात आणला. कायद्याचे निर्णायक पाऊल मात्र यूरोपीय संघाने उचलले. जानेवारी २००३ मध्ये संमत झालेला घातक पदार्थांच्या निर्बंधाचा निदेश १ जुलै २००६ पासून लागू झाला. त्यानुसार उपकरणातील कोणत्याही एकजिनसी द्रव्यात शिशाचे प्रमाण वजनाने ०.१ टक्क्याहून अधिक असू नये, असे ठरले. उत्पादक जागतिक बाजारपेठेसाठी माल तयार करीत असल्याने या नियमाचा प्रभाव यूरोपपुरता राहिला नाही. भारतात ई-कचरा नियम, २०११ यांतील तशाच मर्यादा १ मे २०१४ पासून अंमलात आल्या व नंतरच्या नियमांतही त्या कायम राहिल्या.

या बदलावरील आक्षेप तीन प्रकारचे होते. पहिला आक्षेप प्रमाणाचा. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी फार मोठा भाग विद्युत् घटमालांत (बॅटऱ्यांत) जातो; इलेक्ट्रॉनिकी डाखाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. दुसरा आक्षेप विश्वासार्हतेचा. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून केसासारखे सूक्ष्म स्फटिकतंतू आपोआप वाढतात व मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) घडवितात. थोडे शिसे मिसळल्यास ही वाढ रोखली जाते, हे १९५० नंतरच्या दशकात आढळले होते. १९९८ मध्ये गॅलॅक्सी-४ हा संदेशवहन उपग्रह निकामी झाला, त्याचे कारण असेच तंतू मानले जाते. म्हणूनच संरक्षण व अवकाश क्षेत्रांतील उपकरणे निदेशाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली आणि काही उपयोगांना सवलती देण्यात आल्या.

तिसरा आक्षेप पर्यावरणाचाच होता. नव्या डाखास अधिक तापमान, म्हणजे अधिक ऊर्जा लागते. शिवाय चांदीचे खनन व शुद्धीकरण यांचा निसर्गावर मोठा भार पडतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवनचक्र मूल्यमापनात दोन्ही बाजू दिसून आल्या. मानवी आरोग्य व जलचर यांना होणाऱ्या विषबाधेच्या दृष्टीने शिसेयुक्त डाख अधिक घातक ठरला, तर इतर अनेक निकषांवर चांदीयुक्त डाखाचा भार जास्त आढळला. डाखकामाच्या धुराविषयीही गैरसमज होता. हाताने डाख देण्याच्या नेहमीच्या तापमानाला शिशाची वाफ अत्यल्प होते. दमा उद्भवविणारा धूर मुख्यतः राळयुक्त अभिवाहाचा असतो. कामगाराच्या पोटात शिसे जाते ते प्रामुख्याने न धुतलेल्या हातांवाटे.

तथापि या आक्षेपांनी मूळ प्रश्न मिटत नाही. घटमालांतील शिसे बऱ्याच अंशी परत मिळविता येते. मंडलांवरील डाख असंख्य लहान बिंदूंत विखुरलेला असल्याने तो गोळा करणे कठीण जाते. चीनमधील ग्वेयू येथे मंडले उघड्यावर तापवून सुटे भाग काढण्याचा धंदा वाढला, तेव्हा तेथील मुलांच्या रक्तात शिशाचे वाढलेले प्रमाण आढळले. उपकरणाचा लाभ एकाला व त्याच्या अवशेषांचे विष दुसऱ्याला, अशी ही विभागणी आहे. डाखातून शिसे वगळल्याने तिचा एक भाग दूर झाला. जुनी उपकरणे, मंडलांतील इतर घातक द्रव्ये व असुरक्षित पुनश्चक्रण यांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. पदार्थ बदलणे व कचऱ्याची सुरक्षित व्यवस्था लावणे हे उपाय परस्परपूरक असून एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही, हेच या वादाचे फलित म्हणता येईल.