धुळीच्या गावातली स्वच्छ खोली

मार्च-एप्रिल म्हटले की तुम्हां मंडळींना तिकडे कैऱ्या, परीक्षा आणि माठातले पाणी आठवत असेल. आमच्या अल्बुकर्कीत हे दोन महिने वाऱ्याचे. न्यू मेक्सिको राज्यातले हे सगळ्यात मोठे शहर, रिओ ग्रांदे नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून साधारण सोळाशे मीटर उंचीवर वसलेले. वर्षाकाठी पाऊस जेमतेम नऊ इंच, म्हणजे आपल्या माण-खटावच्या निम्म्याच्या आसपास. वारा सुटला की पश्चिमेकडचे पठार उठून शहरात येते. पिठासारखी बारीक, तपकिरी धूळ. खिडक्या घट्ट लावा, दाराखाली फडके सारा, ती यायची ती येतेच. अमेरिकेत धूळ नसते असे भारतात अजूनही बऱ्याच जणांना वाटते. त्यांना एकदा इकडे पाठवावे.

यंत्रांच्या पोटातली उष्णता बाहेर कशी काढायची, ह्यावर माझे पोट चालते. त्यामुळे वाऱ्याचा हंगाम सरला की ओळखीपाळखीचे लोक आपापले संगणक घेऊन येतात. तक्रार ठरलेली: पंखा विमानासारखा ओरडतो आणि यंत्र मधेच बंद पडते. उघडून पाहिले की आत काय असणार ते मला आधीच ठाऊक असते. पंखा आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ह्यांच्या मधोमध राखाडी नमद्यासारखा एक थर. आधी कपड्यांचे तंतू आणि केस पट्ट्यांच्या तोंडाशी अडकतात, मग त्या जाळ्यात बारीक माती धरून राहते. वरून पंखा अगदी स्वच्छ दिसतो, फिरतोही जोरात, पण हवा खाली उतरतच नाही. पंखा काढल्याशिवाय हा थर दिसत नाही, म्हणून भल्याभल्यांना कारण सापडत नाही.

आमच्याकडे त्यात उंचीची भर. इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा पंधरा-सतरा टक्के विरळ, त्यामुळे तोच पंखा तितक्याच वेगाने फिरला तरी कमी उष्णता वाहून नेतो. मोठ्या यंत्रांच्या माहितीपत्रकात, अमुक उंचीच्या वर खोलीचे कमाल तापमान इतके कमी धरा, अशी बारीक अक्षरातली ओळ असते. मुंबई-पुण्यात ती कोणी वाचत नाही, आम्हाला वाचावी लागते.

आता ह्यात इतिहास कुठे आला, असे तुम्ही विचाराल. तर गंमत अशी, की संगणक आणि धूळ ह्यांच्या भांडणातली निदान तीन मोठी प्रकरणे ह्याच धुळकट राज्यात घडली. आणि तिन्ही एकमेकांच्या उलट दिशेची.

मुळात संगणकाचा पहिला शत्रू धूळ नव्हेच, उष्णता. १९४६ साली फिलाडेल्फियात जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये अठरा हजारांच्या आसपास निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज खाई. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहणार, म्हणून त्याला भलेमोठे झोतपंखे लावलेले होते. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला (नाव त्याला पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये दिले). त्यात सुमारे २७०० नळ्या होत्या. एनिॲकपुढे पोर म्हणावे असा आकडा, पण मुंबईच्या दमट हवेत एका यंत्रात इतक्या नळ्या तापत ठेवायच्या म्हणजे काय, ह्याची कल्पना करून पाहा.

नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, तरी मोठ्या संगणकाला वातानुकूलित खोली लागायचीच. खोली बंद झाली, गार झाली आणि ओघाने स्वच्छही झाली. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायची आपली प्रथा त्यातूनच आलेली. आमच्या कॉलेजात तर दाराशी चपलांचा असा ढीग असे, की देवळाची आठवण व्हावी. काही लोक त्याला भाबडेपणा म्हणून हसतात. मी हसत नाही. त्या काळातल्या टेपवर आणि चकत्यांवर धुळीचा कण म्हणजे हरवलेली माहिती, आणि खोलीत धूळ आणायचे मुख्य साधन माणसाचे पाय.

चकत्यांचे दुखणे तर फारच नाजूक. हार्ड डिस्कवर वाचणारे डोके चकतीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगते. हा थर इतका पातळ की धुराचा कणसुद्धा त्यात दगडासारखा आडवा येतो. आयबीएमने १९७३ च्या '३३४०' ह्या यंत्रात, ज्याचे टोपणनाव विंचेस्टर, चकत्या आणि डोकी एकाच बंद डब्यात घालून टाकली. तेव्हापासून हार्ड डिस्क हा स्वतःपुरता स्वच्छ असलेला डबाच झाला. अगदी हवाबंद मात्र नाही. अजूनही बहुतेक डिस्कवर एक बारीकसे भोक असते, आतून गाळणी लावलेले, आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून.

आता न्यू मेक्सिकोतले पहिले प्रकरण. अल्बुकर्कीत सँडिया ही सरकारी प्रयोगशाळा आहे, अण्वस्त्रांचे भाग बनवणारी. १९५० च्या दशकाअखेर तिथले यांत्रिक भाग इतके लहान होत गेले की एखादा कण आत गेला तरी भाग वाया जाई. स्वच्छ खोल्या तेव्हाही होत्या. माणसे पांढरे कोट घालत, सारखी झाडलोट करत, पोलादी फर्निचर वापरत. तरी धूळ कमी होईना. विलिस व्हिटफील्ड नावाचा एक पदार्थवैज्ञानिक तिथे होता, ओक्लाहोमातल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९६० च्या शेवटी त्याच्या लक्षात आले की चूक झाडलोटीत नसून हवेत आहे. झरोक्यातून जोरात आलेली हवा खोलीत भोवरे करते, आणि भोवऱ्यात सापडलेला कण तासन्‌तास तिथेच घिरट्या घालतो. त्याने झरोके काढून टाकले आणि सगळ्या हवेला एका बाजूने गाळणीतून आत आणून जमिनीतल्या जाळीतून बाहेर जाऊ दिले. संथ, एकसंध, पदर ओढल्यासारखी. कण उठला की हवा त्याला सरळ बाहेर घेऊन जाते. म्हणजे केरसुणी माणसाच्या हातातून काढून हवेच्या हातात दिली.

वापरलेली गाळणी नवी नव्हती, ती दुसऱ्या महायुद्धातल्या अणुबाँब प्रकल्पाच्या काळातली. पंखा तर त्याहून जुना. नवी होती ती फक्त हवेची दिशा. पहिल्या चाचणीत कण मोजणारे यंत्र जवळजवळ शून्यावर आले, तेव्हा लोकांना यंत्रच बिघडले असे वाटले म्हणतात. ही खोली त्या काळच्या उत्तम खोल्यांपेक्षा हजार पटीने स्वच्छ निघाली. १९६२ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली आणि सरकारने ती कुलूपबंद न ठेवता सगळ्यांना वापरू दिली. काही वर्षांतच औषध कारखाने, शस्त्रक्रियागृहे आणि मुख्य म्हणजे चिपचे कारखाने ह्या खोलीत शिरले. आज तुमच्या खिशातल्या फोनमधली चिप अशाच हवेत घडलेली असते. व्हिटफील्ड २०१२ साली अल्बुकर्कीतच वारला. आमच्या गावातही त्याचे नाव फार थोड्यांना माहीत आहे, ह्याचे मला वाईट वाटते. वाळवंटाच्या मध्यावर जगातली सर्वांत स्वच्छ हवा तयार करणारा माणूस होता तो.

दुसरे प्रकरण त्याच गावातले, पण नेमके उलटे. एड रॉबर्ट्सच्या मिट्स नावाच्या छोट्या कंपनीने इथे आल्टेअर ८८०० हा संगणक बनवला. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर तो झळकला, सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरला. (बिल गेट्स आणि पॉल ॲलन त्याच्याच मागे इथे आले आणि मायक्रोसॉफ्ट १९७९ च्या सुरुवातीपर्यंत अल्बुकर्कीत होती.) चिप घडली स्वच्छ खोलीत, पण संगणक जाऊन बसला कोणाच्या तरी गॅरेजमध्ये, करवतीच्या भुश्शाशेजारी. आता खोली संगणकासाठी स्वच्छ करणार कोण? ज्या यंत्रासाठी चपला बाहेर काढत, तेच यंत्र आता चपला घातलेल्यांच्या घरात आले.

मग आला पंखा, आणि पंख्याबरोबर धूळ. १९८० च्या ॲपल ३ मध्ये पंखा नकोच, आवाज होतो, असा स्टीव्ह जॉब्जचा हट्ट होता. जड ॲल्युमिनियमच्या पेटीने उष्णता बाहेर टाकावी अशी योजना. यंत्रे तापली, चिपा खोबणीतून सैल झाल्या, आणि गिऱ्हाइकांना काय सल्ला मिळाला तर यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा! कंपनीला सुमारे चौदा हजार यंत्रे बदलून द्यावी लागली. पुढच्याच वर्षी आलेल्या आयबीएम पीसीत वीजपुरवठ्याच्या पेटीत पंखा होता. तो आतली हवा ओढून मागून बाहेर टाकी. म्हणजे पेटीच्या आत दाब किंचित कमी, आणि ती तूट भरून काढायला बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत येणार. सगळ्यात मोठी फट कुठली? फ्लॉपीचे तोंड. वीस वर्षे जगभरच्या संगणकांनी फ्लॉपीच्या तोंडाने धूळ खाल्ली ती अशी.

पुढचे सगळ्यांना आठवत असेल. सुरुवातीच्या ४८६ ला साधी पट्टीसुद्धा लागत नसे, १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा बसू लागला. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर'ने एक चित्रफीत काढली होती, चालू यंत्राच्या प्रोसेसरवरचे थंड करणारे सगळे सामान उचलून घ्यायचे. एएमडीचा ॲथलॉन क्षणात जळून धूर सोडू लागला. पेंटियम ४ मात्र स्वतःचा वेग कमी करून तग धरून राहिला. पुढे सगळ्यांनीच हा गुण उचलला. फायदा झाला खरा, पण धुळीने भरलेले यंत्र आता मरत नाही, नुसते सावकाश चालते, आणि मालक समजतो व्हायरस आला.

तिसरे प्रकरण २००७-०८ चे, आणि त्यावर मी मित्रांशी अजून भांडतो. इंटेलने न्यू मेक्सिकोत एका मोठ्या ट्रेलरचे दोन भाग केले. दोन्हींत मिळून ९०० सर्व्हर. एका भागाला नेहमीचे वातानुकूलन. दुसऱ्यात बाहेरची वाळवंटी हवा तशीच आत, मध्ये घरगुती वापराची साधी गाळणी. हवा ३२ अंश सेल्सियसपर्यंत तापली तरी चालेल, आर्द्रता कितीही खालीवर होऊ दे. दहा महिन्यांनी त्या सर्व्हरांवर धुळीचा थर होता. तरी नादुरुस्तीचे प्रमाण ४.४६ टक्के, तर त्यांच्या नेहमीच्या केंद्रात त्याच काळात ३.८३. थंड करायच्या विजेत ६७ टक्के बचत होईल असा अंदाज निघाला. अहवालाचा सूर, एवढ्या स्वच्छतेची गरजच काय?

माझे म्हणणे, त्याच अहवालातला तिसरा आकडा बघा. शेजारच्या वातानुकूलित भागात नादुरुस्ती होती २.४५ टक्के. तेच यंत्र, तीच जागा, तेच काम, आणि धुळीत जवळजवळ दीडपटीहून जास्त, दुपटीच्या जवळ जाणारी. शिवाय दहा महिने हा धुळीच्या दृष्टीने फार थोडा काळ. मोठ्या कंपन्या तेव्हा तीन-चार वर्षांत सर्व्हर बदलत, त्यांना हे परवडणारे होते. पण जे यंत्र कुठल्याशा जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा वर्षे चालायला हवे, त्याला हा हिशेब लावू नका. त्यातून आपल्याकडची धूळ आणखी वाईट. इथली कोरडी. तिकडच्या धुळीतले क्षार पावसाळी हवेत पाणी ओढून घेतात आणि मग तो थर वीज वाहू लागतो. मे महिन्यात बसलेली धूळ जुलैत त्रास देते ती अशी.

म्हणून साफसफाई पावसाआधी. चालू यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालणे हा धुळीवरचा उपाय नव्हे, ते घोंगडी पांघरून पळणे झाले. वायर काढा, पेटी उघडी अंगणात किंवा गॅलरीत न्या आणि हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. दुकानात मिळणाऱ्या डब्यातली 'हवा' खरे तर हवा नसते, दाबाने द्रव केलेला वायू असतो. डबा तिरका धरलात तर गारठलेला द्रवच बाहेर येतो.

आणि नवी पेटी घेणार असाल तर आत हवा ढकलणारे पंखे बाहेर काढणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा. मग पेटीतला दाब किंचित वर राहतो, फटींतून हवा आत न येता बाहेर जाते आणि आत येणारी सगळी हवा पुढच्या जाळीतूनच यावी लागते. ती जाळी महिन्यातून एकदा नळाखाली धुवायची, आणि पुरती वाळल्याशिवाय परत लावायची नाही.